ट्रॅकिओस्टॉमी : गळ्यातील श्वासाची नळी, ती बसवणारे तज्ज्ञ आणि योजनांतून मिळणारे साहाय्य

तुमच्या घरातील माणूस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहे. आठव्या-दहाव्या दिवशी डॉक्टर तुम्हाला बोलावून सांगतात, "गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागेल, इथे सही करा." हे ऐकल्यावर बऱ्याच नातेवाइकांना वाटते की आता सारे संपले. तसे नसते. अनेक रुग्णांच्या बाबतीत ही नळी व्हेंटिलेटरवरून सुटण्याची पहिली पायरी असते.

ही माहिती सही करण्यापूर्वी वाचा, आणि रुग्णाला घरी नेण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचा. शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते आणि पात्र कुटुंबाला तिचा खर्च योजनेतून मिळतो. नळी मात्र काही आठवडे, काही महिने, तर कधी जन्मभर राहते. त्या दिवसांची तयारी कोणतीही योजना आपोआप करून देत नाही. ती तुम्हाला रुग्णालयाकडून मागून घ्यावी लागते.

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे काय?

स्वरयंत्राच्या खाली, मानेच्या पुढच्या भागात श्वासनलिका असते. बोटाने चाचपल्यास तिच्या कडक कड्या हाताला लागतात. साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या दरम्यान छिद्र करून त्यात वाकडी नळी बसवतात. यालाच ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. बोलीभाषेत "गळ्याला होल पाडणे". त्यानंतर श्वास नाकातोंडाऐवजी थेट या नळीतून आत-बाहेर होतो. अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागे असते, तिला या शस्त्रक्रियेत हात लावत नाहीत. त्यामुळे "आता रुग्ण कधीच जेवणार नाही" ही समजूत चुकीची आहे. नळी असतानाही अनेक रुग्ण तोंडाने जेवतात. फक्त गिळणे सुरक्षित आहे का, हे आधी तपासून घ्यावे लागते.

ती कधी लागते?

कारणे दोन प्रकारची आहेत, आणि तुमचा रुग्ण कोणत्या प्रकारात येतो हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण पुढचे बरेच काही त्यावर ठरते.

पहिल्या प्रकारात वरचा श्वासमार्ग बंद होत असतो. स्वरयंत्राचा कर्करोग, जबड्याखाली पसरलेला मोठा गळू, मानेला झालेली इजा, चेहरा व घसा भाजणे, दोन्ही स्वरपट्ट्या लुळ्या पडणे ही त्याची कारणे. तंबाखू आणि गुटख्यामुळे होणाऱ्या जिभेच्या व गालाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सूज येऊन श्वास अडकू नये म्हणून आधीच नळी बसवतात. ती बहुधा तात्पुरती असते.

दुसऱ्या प्रकारात श्वासमार्ग मोकळा असतो, पण रुग्णाला बरेच दिवस व्हेंटिलेटर लागतो किंवा छातीतला कफ स्वतः खोकून काढता येत नाही. डोक्याला मार, पक्षाघाताचा झटका, मणक्याची इजा, कीटकनाशकाची विषबाधा, धनुर्वात, गुइलेन-बॅरे सिंड्रोम अशा आजारांत हे घडते. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुइलेन-बॅरेचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हा आजार घरोघरी माहीत झाला. त्यात हातापायांबरोबर श्वासाचे स्नायूही काही काळ लुळे पडू शकतात. शक्ती परत यायला आठवडे लागतात आणि तोवर फुप्फुसांना आधार द्यावा लागतो. अशा रुग्णांत नळी पुढे काढली जाण्याची शक्यता चांगली असते.

तोंडातून घातलेली नळी तशीच का ठेवत नाहीत? कारण ती फार दिवस राहिली तर स्वरयंत्राला व श्वासनलिकेला इजा होते. ती सहन व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीत ठेवावे लागते आणि तोंडाची स्वच्छताही नीट होत नाही. गळ्यातील नळी रुग्णाला अधिक सोसते. गुंगीचे औषध कमी करता येते, कफ काढणे सोपे होते, आणि व्हेंटिलेटर थोडा-थोडा बंद करून पाहता येतो.

घाई किती करावी, हा रास्त प्रश्न आहे. ब्रिटनमधील अतिदक्षता विभागांत झालेली एक मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या चार दिवसांत नळी बसवलेले रुग्ण आणि दहा दिवसांनंतरही गरज असेल तरच बसवायची असे ठरवलेले रुग्ण यांच्या मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. उलट, थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना नळी लागलीच नाही. म्हणून श्वासमार्ग बंद होत नसेल आणि रुग्ण केवळ व्हेंटिलेटरवर असेल, तर "आणखी काही दिवस थांबता येईल का?" असे विचारण्यात काहीच वावगे नाही. श्वासमार्गच बंद होत असेल तर मात्र थांबू नका. तिथे प्रश्न मिनिटांचा असतो.

ही शस्त्रक्रिया कोण करतात?

या शस्त्रक्रियेचे मुख्य तज्ज्ञ म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ. एमबीबीएस नंतर एमएस किंवा डीएनबी ही या विषयातील पदव्युत्तर पदवी, किंवा डीएलओ ही पदविका घेतलेले हे डॉक्टर असतात. श्वासमार्ग अरुंद झालेला, मानेत गाठ असलेला किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण असेल, तर शक्यतो त्यांच्याच हातून ही शस्त्रक्रिया व्हावी.

पण ते एकटेच ही शस्त्रक्रिया करतात असे नाही. जनरल सर्जन, कर्करोगाचे डोके व मानेचे सर्जन, जबडा व चेहऱ्याचे सर्जन, छातीचे सर्जन हेही ती करतात. अतिदक्षता विभागात आता बऱ्याचदा भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ रुग्णाच्या पलंगापाशीच ती करतात. सुईने श्वासनलिकेत शिरून, तारेवरून छिद्र हळूहळू रुंद करत नळी सरकवायची अशी ही पद्धत आहे. अनेकदा आतून दुर्बिणीने पाहत ती केली जाते. रुग्णाला शस्त्रक्रियागृहात हलवावे लागत नाही हा तिचा मोठा फायदा. तुमच्या रुग्णाची ट्रॅकिओस्टॉमी "सर्जनने न करता आयसीयूच्या डॉक्टरांनी केली" म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. निवडलेल्या प्रौढ रुग्णांत ती मान्य पद्धत आहे. लहान मुलांत, अगदी तातडीच्या वेळी किंवा मानेची रचना बिघडलेली असताना मात्र सहसा चीर देऊन केलेली उघडी शस्त्रक्रियाच निवडतात. मुलांची श्वासनलिका छोटी आणि मऊ असते. त्यांच्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा बालशल्यचिकित्सक, मुलांचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ आणि मुलांचा अतिदक्षता विभाग हे तिन्ही एका ठिकाणी असलेले रुग्णालय गाठावे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. नळी कोणी बसवली यापेक्षा घरी गेल्यावर ती कोण सांभाळणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अतिदक्षता विभागातून रुग्ण बाहेर आला की तिथल्या डॉक्टरांचा संबंध बहुधा संपतो. मेंदूचे डॉक्टर मेंदूचे बघतात, आणि नळी कोणाचीच राहत नाही. हे टाळायचे असेल तर दाखल असतानाच कान-नाक-घसा विभागाचा सल्ला नोंदवून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर नळी बदलण्याची तारीख व विभाग लिहून घ्या. ग्रामीण रुग्णालय किंवा सामुदायिक आरोग्य केंद्रात कान-नाक-घसा तज्ज्ञाचे पद सहसा नसते. नळी बदलण्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागेल, हे धरून चाला.

सही करण्यापूर्वी

संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत समजावून घेण्याचा तुमचा हक्क आहे. रक्तस्राव, नळी निसटणे, नळी कफाने बंद होणे, जंतुसंसर्ग, फुप्फुसाभोवती हवा शिरणे आणि पुढे श्वासनलिका आकसणे हे धोके आहेत. ते लपवले जाऊ नयेत. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला हेही आधी सांगा की जाग आल्यावर आवाज निघणार नाही. न सांगता नळी बसवली की रुग्ण घाबरतो, हातवारे करतो, कधी नळी उपसतो. प्राण वाचवण्यासाठी तातडीने करावी लागली तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नये. तातडीच्या रुग्णाला प्राण वाचवणारे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खर्च कोणत्या योजनेतून?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे संरक्षण मिळते. कुटुंबात किती माणसे आहेत किंवा त्यांचे वय काय, याची अट नाही. आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. ट्रॅकिओस्टॉमी ही कान-नाक-घसा विभागातील उपचारांच्या यादीत आहे. अतिदक्षता विभागातील दिवसांचे दर वेगळे ठरलेले आहेत. व्हेंटिलेटरसह आणि व्हेंटिलेटरविना असे त्यांचे प्रकार असतात. सूचीबद्ध रुग्णालयाने पॅकेजमधील नळी, औषधे, तपासण्या किंवा रुग्णाच्या जेवणासाठी तुमच्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता या योजनेत आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. घर आधीच योजनेत असेल तर अशा ज्येष्ठांसाठी ५ लाखांचे वेगळे संरक्षण असते. पक्षाघातानंतर नळी लागलेल्या आजी-आजोबांसाठी हे लक्षात ठेवा. बऱ्याच घरांत "आमचे नाव यादीत नाही" म्हणून कोणी चौकशीच करत नाही.

महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर एकत्र राबवली जाते, आणि तिथे शिधापत्रिकाधारक कुटुंबांनाही ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तातडीच्या रुग्णाला कागदपत्रे पूर्ण होण्याआधी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय या योजनेत आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कामासाठी सुरत, इंदूर किंवा हैदराबादला राहत असाल, तर केंद्राच्या यादीतील पात्रतेवरचे आयुष्मान कार्ड योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातील सूचीबद्ध रुग्णालयातही चालते. केवळ राज्याच्या निधीतून मिळालेली पात्रता राज्याबाहेर चालेलच असे नाही. रुग्ण हलवण्यापूर्वी हे विचारून घ्या.

रुग्णालयातील आरोग्यमित्राला दोन गोष्टी आठवड्यातून एकदा तरी विचारा : कुटुंबाच्या ५ लाखांपैकी किती रक्कम शिल्लक आहे, आणि सध्याची मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे. व्हेंटिलेटरवरचे दीर्घ दिवस ही रक्कम वेगाने खातात, आणि ती साऱ्या कुटुंबाची असते. रक्कम संपत आली असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्याबाबत डॉक्टरांशी वेळेवर बोला. गळ्यात नीट बसलेली नळी असलेला रुग्ण तोंडातून नळी असलेल्या रुग्णापेक्षा हलवायला सहसा सोपा असतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील गंभीर रुग्णासाठी राष्ट्रीय आरोग्य निधी आणि राज्याचा मुख्यमंत्री साहाय्यता निधी हेही मार्ग आहेत. त्यांचे अर्ज रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे विचारा.

रस्त्यावरील अपघात असेल तर आणखी एक योजना लागू होते. रस्ता अपघातग्रस्तांसाठीची रोकडरहित उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत आणि १.५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नळीचा विचार नेमका या सात दिवसांच्या काठावर किंवा त्यानंतर होतो. म्हणून पहिल्याच दिवशी आयुष्मान कार्डाची पडताळणीही सुरू करून ठेवा. आठव्या दिवशी धावपळ नको.

राज्य कामगार विम्यात असलेल्या कामगारांनी हे लक्षात घ्यावे की त्यांच्या योजनेत बाह्यरुग्ण उपचारही येतात. घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा, औषधे आणि नळी बदलणे यांसाठी आपल्या दवाखान्यातून संदर्भपत्र घ्या.

घरी नेण्यापूर्वी

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतच्या तपासण्या व औषधांचा खर्च धरलेला असतो. घरी लागणारे सक्शन यंत्र, महिनोन्महिने लागणारे कॅथेटर, जादा नळ्या आणि नंतरच्या बाह्यरुग्ण भेटी यांचा खर्च साधारणपणे त्यात येत नाही. शस्त्रक्रिया मोफत झाली म्हणून निश्चिंत झालेले कुटुंब इथेच अडचणीत येते. म्हणून जे रुग्णालयात मिळू शकते ते तिथेच मिळवा.

पहिली नळी रुग्णालयातच बदलली जावी. नवीन छिद्राचा मार्ग पक्का व्हायला साधारण आठवडा लागतो. त्याआधी नळी निसटली तर ती परत घालणे डॉक्टरांनाही अवघड जाते. पहिली बदली होईपर्यंत घरी नेण्याची घाई करू नका, आणि कोणी खाट रिकामी करण्याची घाई करत असेल तर हेच कारण सांगा.

नळीचा प्रकार आणि माप लिहून घ्या. प्लास्टिकची नळी फुग्याची किंवा बिनफुग्याची असते. फुग्याला डॉक्टर कफ म्हणतात, त्याचा छातीतल्या कफाशी संबंध नाही. काही नळ्यांना आत दुसरी, काढून धुता येणारी नळी असते. धातूची दुहेरी नळी आपल्याकडे अजून बरीच वापरात आहे. ती टिकते, उकळून पुन्हा वापरता येते, म्हणून परवडते. पण तिच्यावर व्हेंटिलेटर जोडता येत नाही. मानेला रेडिएशन द्यायचे असेल किंवा एमआरआय करायचा असेल तर ती काढून प्लास्टिकची बसवावी लागते. तारीख घेताना हे तंत्रज्ञांना आठवणीने सांगा.

घरातील किमान दोन माणसांनी सक्शन, आतली नळी धुणे, पट्टी व बंध बदलणे हे परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. नुसते पाहून येत नाही. एकच माणूस शिकला तर तो आजारी पडल्यावर कोणी उरत नाही.

सक्शन करताना हात साबणाने धुवा, कॅथेटर नळीच्या लांबीएवढाच आत घाला, आणि बाहेर काढतानाच ओढ द्या. एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक वेळ नको. त्या काळात रुग्णाला श्वास मिळत नसतो. ठरावीक तासांनी करण्यापेक्षा घरघर ऐकू आली, श्वास जड झाला की करा. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर किंवा पायाने चालणारे सक्शन यंत्र घ्या. यंत्र विकत घेण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय साहित्य उसने देणाऱ्या स्थानिक संस्थांकडे चौकशी करा. अनेक गावांत अशी यंत्रे अनामत रकमेवर मिळतात.

नाक हवा गाळते, ओलसर व कोमट करते. नळी असल्यावर हे काम होत नाही आणि कफ वाळून नळीला खपली धरते. नळीसमोर सुती कापडाचा ओलसर, पातळ पडदा बांधा; हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात तो वरचेवर ओला करा. चुलीचा धूर, अगरबत्ती, पिठाची गिरणी, टाल्कम पावडर, होळीचे रंग आणि बिडी-सिगारेट यांपासून रुग्णाला दूर ठेवा. अंघोळ गळ्याखाली करा. नदीत, विहिरीत उतरणे नाही.

रात्री रुग्णाच्या हाताशी घंटी ठेवा. त्याला हाक मारता येत नाही, हे झोपेत आपण विसरतो. दिवसा पाटी-पेन्सिल किंवा मोबाइल द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पाणी, लघवी, दुखते, कफ अशी चित्रे एका पुठ्ठ्यावर काढून ठेवा. तब्येत सुधारल्यावर बोलण्याची झडप बसवता येते का, ते विचारा. पण फुगा फुगवलेला असताना झडप कधीही लावायची नाही. तसे केल्यास हवा आत जाते, बाहेर यायला वाट राहत नाही, आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. गिळण्याची तपासणी व सराव वाचा-उपचारतज्ज्ञ करून देतात.

नळी बंद झाली किंवा निघाली तर

श्वासाचा आवाज बदलणे, छाती आत ओढली जाणे, घाम, अस्वस्थता, ओठ निळे पडणे ही नळी अडकल्याची लक्षणे आहेत. आतली नळी असेल तर ती लगेच काढा. बऱ्याचदा खपली तिथेच असते आणि तेवढ्याने श्वास मोकळा होतो. नाही झाला तर सक्शन करा. कॅथेटर आत जातच नसेल तर नळी पूर्ण बंद आहे. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने रुग्णालयात शिकवल्याप्रमाणे नळी काढून जादा नळी घालावी. त्यासाठी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन स्वच्छ नळ्या, बंध आणि कात्री एका डब्यात पलंगाजवळ ठेवा. प्रवासातही तो डबा बरोबर हवा.

कफात रक्ताची बारीक रेघ दिसणे सक्शननंतर चालते. ताजे लाल रक्त आले, मग ते आपोआप थांबले तरी, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. पहिल्या काही आठवड्यांत असे थोडे रक्त हे श्वासनलिकेसमोरील मोठी रक्तवाहिनी झिजल्याची पूर्वसूचना असू शकते.

रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना सांगा : ऑक्सिजन गळ्यावरही द्या. कर्करोगासाठी स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर हे प्राणाचे आहे. त्याचा नाकातोंडाशी श्वासाचा संबंधच उरलेला नसतो, आणि चेहऱ्यावर लावलेला मास्क निरुपयोगी ठरतो. अशा रुग्णाने "मी फक्त गळ्यातून श्वास घेतो" असे लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला हिंदी वा इंग्रजीत.

अपंगत्व प्रमाणपत्र आणि इतर लाभ

केवळ गळ्यात नळी आहे म्हणून अपंगत्व प्रमाणपत्र मिळत नाही. परंतु स्वरयंत्र काढल्यामुळे आलेले कायमचे वाचादोष दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा अपंगत्व म्हणून स्पष्टपणे नमूद आहेत. अशा व्यक्तीने स्वावलंबन पोर्टलवर युनिक डिसेबिलिटी आयडी कार्डासाठी अर्ज करावा. मेंदू किंवा मणक्याच्या इजेने कायमचे अपंगत्व आले असेल तर त्या कारणासाठी अर्ज होतो. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात, म्हणून नळी असलेल्या मुलाच्या पालकांना ती आयुष्मान कार्डाला पूरक ठरते. कर्करोगाच्या उपचारासाठी प्रवास करणाऱ्यांना रेल्वेभाड्यात सवलत आहे. तिचा दाखला उपचार करणारे रुग्णालय देते.

नळी कधी काढतात?

मूळ कारण बरे झाले, रुग्ण स्वतः खोकून कफ काढू लागला आणि गिळणे सुधारले की डॉक्टर नळी लहान करतात किंवा तिचे तोंड बूच लावून बंद करतात. एक-दोन दिवस, रात्रीच्या झोपेसह, त्रास झाला नाही तर नळी काढतात. छिद्रावर पट्टी लावली की ते बहुधा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत आपोआप मिटते. क्वचित टाके लागतात. बूच घरी आपल्या मनाने लावून पाहू नका. उलट बाजूही सांगायला हवी. अनेक रुग्ण बरे झाल्यावरही "काढायला कोणी सांगितले नाही" म्हणून महिनोन्महिने नळी बाळगतात. दर भेटीत विचारा : नळीची गरज अजून आहे का? नळी काढल्यानंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर दम्याचे औषध घेत बसू नका. श्वासनलिका आकसत असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पैसे मागितले किंवा उपचार नाकारले तर

आधी आरोग्यमित्राला लेखी सांगा आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. आयुष्मान भारतची मदतवाहिनी १४५५५ आणि महाराष्ट्रातील जन आरोग्य योजनेची १५५३८८ आहे. तक्रार जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवरील निवारण समित्यांकडे नेता येते. ऑनलाइन नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि नळीच्या मापाची चिठ्ठी यांचे फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मध्यरात्री जिल्हा रुग्णालयात पोहोचल्यावर ड्युटीवरचे डॉक्टर सर्वांत आधी नळीचे मापच विचारतात.